मूत्रपिंडांचा विकार आणि वेळीच करावयाची तपासणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या या मंगल प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वयोवृद्धांस शाल-श्रीफळ अर्पण झाले, आणि भोजनापूर्वीचा हा अर्धा तास मंडळाने आमच्या स्वाधीन केला. त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा आनंदाच्या वेळी आजाराचा विषय काढणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु हा विषय आम्ही आग्रहाने मागून घेतला, त्यास कारण आहे. आमचे सारे आयुष्य रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेले. वैद्य रुग्णाचा चेहरा पाहतो; आमच्या वाट्यास त्याच्या रक्ताचा आकडा येतो. या आकड्यांनी आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हा दाखविली. ती अशी की, मूत्रपिंडाचा विकार ज्या दिवशी घरात कळतो, त्या दिवशी तो बहुधा कित्येक वर्षांचा जुना झालेला असतो. तो वेळीच ओळखण्याचे साधन मात्र महाग नाही व दुर्मिळही नाही. तालुक्याच्या गावीही ते मिळते. मग माणसे इतक्या उशिरा का येतात, आणि आपण कुटुंबीयांनी व मंडळाने यात काय करावे, एवढ्यापुरतेच आजचे बोलणे आहे.

प्रथम या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या आश्रयाने, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. ही दोन मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात, त्यातील बहुतेक सारा शरीरास परत देतात, आणि उरलेला दीड-दोन लिटर मळ लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तदाब आवरणे, रक्त तयार होण्यास लागणारे द्रव्य पुरविणे, हाडांना उपयुक्त असे जीवनसत्त्व कामास योग्य करून देणे, हीही कामे त्यांच्याकडेच आहेत. असा हा घरातील न बोलता राबणारा कर्ता पुरुष होय, किंबहुना कर्ती स्त्री होय असे म्हटले तरी चालेल.

निसर्गाने मूत्रपिंडांस मोठी गंगाजळी देऊन ठेविली आहे. निरोगी मनुष्य आपले एक मूत्रपिंड आप्तास देऊन उरलेल्या एकावर चांगले आयुष्य काढू शकतो, हे आपण जाणतोच. परंतु हीच गंगाजळी आपला घात करते. गाळण्या एकेक करून निकामी होत जातात आणि उरलेल्या गाळण्या अधिक काम करून ती उणीव झाकतात. ना वेदना, ना ताप. निम्मे काम थांबले तरी मनुष्य जेवतो, खातो, कचेरीत जातो. पायावर सूज, अन्नावरील वासना उडणे, अंगास खाज, दम लागणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बहुतेक शिल्लक खर्ची पडलेली असते. कित्येकांची समजूत अशी की, लघवी भरपूर होते आहे ना, मग मूत्रपिंडे उत्तम आहेत. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. पाणी बाहेर पडणे वेगळे व मळ बाहेर पडणे वेगळे. यास्तव ज्या विकारास स्वतःची वाचा नाही, त्याच्याविषयी रक्तास व लघवीसच विचारावे लागते.

हे विचारण्याची विद्या कशी वाढत गेली, ते थोडक्यात सांगतो. लंडन येथील गाय्ज रुग्णालयातील वैद्य रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अंगावर सूज येऊन मरण पावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात, आणि अशा रुग्णांची लघवी तापविली असता अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे तीत साका धरतो, हा संबंध त्यांनी जोडून दाखविला. पुढे कित्येक वर्षे या विकारास ब्राइट यांच्याच नावाने ओळखीत. लघवीतून प्रथिन जाणे ही मूत्रपिंडाच्या दुखण्याची खूण आहे, हे ज्ञान असे चमचा व मेणबत्ती यांवर जन्मास आले.

रक्ताच्या तपासणीचा पाया १८८६ साली माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने घातला. क्रिॲटिनिन नावाचे द्रव्य पिक्रिक आम्लाशी अल्कलीच्या सान्निध्यात मिसळले असता नारिंगी-तांबडा रंग येतो, असे त्यास आढळले. आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी कित्येक प्रयोगशाळांत हाच रंग मोजून उत्तर काढतात. हे क्रिॲटिनिन म्हणजे काय? आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा हा एक टाकाऊ पदार्थ होय. रोज साधारण सारख्याच प्रमाणात तो रक्तात येतो व मूत्रपिंडे तो गाळून टाकतात. गाळणे मंदावले की तो रक्तात साचू लागतो. १९२६ साली डेन्मार्कमधील पौल ब्रांट रेबर्ग यांनी क्रिॲटिनिनवरून मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग मोजण्याचा मार्ग दाखविला. त्यानंतर १९७६ साली कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी वय, वजन व रक्तातील आकडा यांवरून तो वेग अंदाजण्याचे सूत्र दिले. पुढे १९९९, २००९ व २०२१ साली त्याहून सुधारलेली सूत्रे आली. आज तपासणीच्या कागदावर ‘ईजीएफआर’ अशी जी अक्षरे छापलेली असतात, तो हाच अंदाजे काढलेला गाळण्याचा वेग होय.

येथून पुढील भाग आम्ही आपणांस विशेष लक्ष देऊन ऐकण्याची विनंती करतो.

पुष्कळ मंडळी तपासणीचा कागद हातात आला की, एवढेच पाहतात की आकडा ठळक छापला आहे काय, त्यापुढे खूण आहे काय. नसल्यास कागद घडी घालून कपाटात, नाहीतर रद्दीत जातो. क्रिॲटिनिनच्या बाबतीत ही रीत धोक्याची आहे. पुरुषांसाठी साधारण ०.७ ते १.३ व स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ अशी मर्यादा छापलेली असते. ही मर्यादा सर्व जनांसाठी ढोबळ मानाने आखलेली आहे. पंचविशीतील धट्टाकट्टा तरुण आणि सत्तरीतील कृश आजी या दोघांच्याही रक्तात क्रिॲटिनिन १.१ निघाले असे समजा. दोघांचेही कागद निर्दोष दिसतील. परंतु २०२१ च्या सूत्राने हिशेब केला तर त्या तरुणाचा गाळण्याचा वेग सुमारे ९५ येतो व आजींचा सुमारे ५४. आजींचे स्नायू क्षीण झाल्यामुळे त्यांच्या शरीरात क्रिॲटिनिन मुळातच थोडे तयार होते. तेव्हा त्यांच्या रक्तातील १.१ हा आकडा दिसतो तितका निरागस नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. क्रिॲटिनिन व गाळण्याचा वेग यांचे नाते व्यस्त आहे. वेग निम्मा झाला म्हणजे आकडा साधारण दुप्पट होतो. ज्याचा आकडा मुळात ०.६ होता, तो १.२ झाला तरी बहुतेक कागदांवर मर्यादेतच राहील, आणि तोवर निम्मी शक्ती गेलेली असेल. एखाद्या गृहस्थाचे तीन कागद डोळ्यांपुढे आणा. वयाच्या ५२ व्या वर्षी ०.८, ५५ व्या वर्षी १.०, ५८ व्या वर्षी १.३. तिन्ही कागद मर्यादेत, तिन्हींवर खूण नाही. पण गाळण्याचा वेग अनुक्रमे १०६, ८९ व ६४ असा उतरत आला आहे. कागद सुटे पाहणाऱ्यास यात काहीच दिसत नाही. ते ओळीने मांडणाऱ्यास सारे दिसते. आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी नेणार असाल, तर ते हे न्यावे : आकड्यापेक्षा आकड्यांची ओळ पाहावी, आणि ती पाहता यावी म्हणून जुने कागद जपून ठेवावेत.

रक्ताच्या जोडीस लघवीची एक तपासणी अवश्य करावयाची असते. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिॲटिनिन यांचे परस्पर प्रमाण तीत काढतात. हे प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे. ३० ते ३०० असल्यास सावध व्हावे, आणि ३०० च्या वर गेल्यास दुखणे गंभीर समजावे. मधुमेही माणसाच्या बाबतीत रक्तातील आकडा हलण्यापूर्वीच पुष्कळदा लघवीत अल्ब्युमिन दिसू लागते, म्हणजे लघवी ही रक्ताच्या आधी साक्ष देते. याच्या उलटही घडते. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात नारळी-काजूच्या बागांतून राबणाऱ्या लोकांत मूत्रपिंडाचा एक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याचे निश्चित कारण अद्याप हाती लागलेले नाही. तेथील पुष्कळ रुग्णांच्या लघवीत प्रथिन फारसे नसते. त्यांचा विकार रक्तच सांगते. म्हणून दोन साक्षीदारांपैकी एकासच बोलावून न्याय करू नये.

आता ही तपासणी कोणी करावी? आम्ही या व्यवसायातले, तेव्हा ‘सर्वांनी सर्व तपासण्या कराव्यात’ असे आम्ही सांगू, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती रास्त आहे. म्हणून स्पष्टच सांगतो. संपूर्ण शरीराच्या तपासणीच्या ज्या मोठमोठ्या जाहिराती येतात, त्यांत पन्नास-साठ आकडे मिळतात आणि पुष्कळदा त्यांत लघवीतील अल्ब्युमिनचे हे एक प्रमाणच नसते. त्या मोहात पडण्याचे कारण नाही. मधुमेह असणारे, रक्तदाब असणारे, हृदयविकार झालेले, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत मूत्रपिंडाचे दुखणे असणारे, वरचेवर मुतखडे होणारे, सांधेदुखीसाठी दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घेणारे, आणि ज्या भगिनींचा रक्तदाब गरोदरपणी फार चढला होता त्या. तसेच साठी उलटलेली मंडळी, यांनी वर्षातून एकदा या दोन तपासण्या कराव्यात. प्रौढ वयात होणारा मधुमेह ज्या दिवशी निष्पन्न होईल त्याच वर्षी पहिली तपासणी व्हावी, कारण तो कित्येक वर्षे आत दडून मगच प्रकट झालेला असतो.

तपासणीसंबंधी काही व्यवहारोपयोगी सूचना आहेत. क्रिॲटिनिनसाठी उपाशीपोटी जाण्याची आवश्यकता नाही. आदल्या रात्री मांसाहाराचे भरपेट जेवण किंवा त्या सकाळी तालमीत जोरबैठका झाल्या असतील, तर आकडा वाढून येतो. शरीर कमावण्यासाठी क्रिॲटिनची पूड घेणाऱ्या तरुणांनी तसे प्रयोगशाळेत सांगावे. लघवीचा नमुना सकाळचा पहिला असल्यास उत्तम. ताप असताना, लघवीस जळजळ असताना किंवा मासिक पाळीच्या दिवसांत तो देऊ नये. ज्यांचे स्नायू फार क्षीण आहेत, अशा वृद्धांच्या बाबतीत क्रिॲटिनिनवर सर्वस्वी विसंबता येत नाही. तेथे वैद्य सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्ततपासणी सांगतात.

आणि एकाच वाईट आकड्याने घाबरून जाऊ नये. जुलाब, उलट्या, उन्हातान्हाचा प्रवास यांनी शरीरातील पाणी उतरले तरी आकडा तात्पुरता चढतो. गाळण्याचा वेग ६० च्या खाली किंवा लघवीतील प्रमाण ३० च्या वर निदान ३ महिने टिकून राहिले, तरच त्यास जुनाट विकार म्हणण्याची रीत आहे. परंतु तीन महिन्यांनी पुन्हा तपासावयाचे ते विसरूही नये.

कोणी म्हणेल, आधी कळून तरी काय उपयोग? गेलेल्या गाळण्या परत येणार आहेत काय? त्या परत येत नाहीत, हे खरे. पण उरलेल्या राखता येतात, आणि सर्व खटाटोप त्यासाठीच आहे. एके काळी वैद्यांच्या हाती या कामी फारसे काही नव्हते. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करता करता रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. ते मधुमेहींच्या मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावते, हे १९९३ साली सिद्ध झाले. त्याच कुळातील ‘प्रिल’ अखेर असणारी, तसेच लोसार्टनसारखी ‘सार्टन’ अखेर असणारी औषधे आज सर्वत्र व स्वस्त मिळतात. ती सुरू केल्यावर प्रारंभी क्रिॲटिनिन किंचित वाढते. तेवढ्याने भिऊन मनानेच गोळी बंद करू नये, वैद्यांस विचारावे. गरोदर स्त्रियांनी मात्र ही औषधे घ्यावयाची नसतात. अलीकडे २०१९ पासून २०२३ पर्यंत झालेल्या मोठ्या प्रयोगांतून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांचाही मूत्रपिंडे राखण्यास चांगला उपयोग होतो असे दिसून आले, आणि विशेष म्हणजे ज्यांना मधुमेह नाही अशा रुग्णांसही तो झाला.

औषधांइतकेच महत्त्व घरच्या शिस्तीस आहे. दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण व ताटात डावीकडे वाढलेले मीठ यांचा हिशेब आमच्या भगिनींनीच घालून पाहावा. गुडघेदुखीवर औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवणे हे मूत्रपिंडांस विष देण्यासारखेच आहे. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ या भरवशावर अनोळखी माणसाकडून घेतलेल्या पुड्यांत व भस्मांत पारा किंवा शिसे निघाल्याची उदाहरणे आहेत. इतकेच काय, २०२३ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कांती उजळ करणाऱ्या मलमांतील पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडल्याचे वैद्यांच्या लक्षात आले. लग्न ठरलेल्या मुलींच्या मातांनी ही गोष्ट ध्यानात धरावी.

वेळ टळून गेली म्हणजे काय होते, हेही सांगितले पाहिजे. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे उदाहरण आपणांपैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. आणीबाणीतील बंदिवासातून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा प्राण कृत्रिम मूत्रपिंडाच्या म्हणजे डायलिसिसच्या आधारावर होता. त्या स्थितीतही त्यांनी राष्ट्राचे राजकारण पालटविले, हे त्यांचे मनोधैर्य होय. परंतु सामान्य संसारी माणसास हे ओझे पेलणे किती कठीण! सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रास जखडून राहावयाचे. जाण्यायेण्याचा वेळ निराळा, बरोबर येणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी निराळी. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांची विनामूल्य सोय होऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि यंत्र फुकट मिळाले तरी आठवड्याचे तीन दिवस कोणी परत देत नाही.

जसलोकमध्ये जयप्रकाशजींवर उपचार करणारे डॉक्टर एम. के. मणी पुढे मद्रासला गेले. मोठ्या रुग्णालयात यंत्रांची उणीव नसताही, या रोगाचा खरा बंदोबस्त यंत्रांनी होणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि चेन्नईजवळच्या खेड्यांत सुमारे २५,००० वस्तीसाठी एक साधी योजना उभारली. थोडे शिक्षण दिलेल्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर जात, रक्तदाब मोजीत व लघवी तपासीत. दोष आढळल्यास त्या माणसास वैद्यांकडे आणीत, आणि मधुमेह व रक्तदाब यांवरील अगदी स्वस्त, जुन्या गोळ्या नियमाने देत. पुढे शेजारच्या, ही योजना न पोहोचलेल्या वस्तीशी तुलना केली, तेव्हा योजनेच्या गावांत मूत्रपिंडांची शक्ती घटलेली माणसे कमी आढळली. जे काम खेड्यातील कार्यकर्त्यांनी केले, ते छापील स्मरणिका काढणाऱ्या, सभागृह व साहाय्यनिधी बाळगणाऱ्या आपल्या मंडळास अशक्य का असावे?

आता आपल्या घरच्या गोष्टी बोलू. त्या कटू वाटल्यास आम्हांस क्षमा असावी.

पहिली गोष्ट स्त्रियांची. आमच्या प्रयोगशाळेत यजमानांच्या रक्ताची नळी दर सहा महिन्यांनी येई. त्यांस हाताशी धरून आणणाऱ्या बाईंची नळी वर्षानुवर्षे येत नसे. ‘मला काय झालंय?’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत, आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य आहेत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. पतीसाठी, लेकरासाठी अवयव काढून देण्यास जी सिद्ध असते, तिच्या लघवीची एक साधी तपासणी करण्याची आठवण घरात कोणास होऊ नये, ही आम्हां पुरुषांस भूषणावह गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. आपल्यातील अनेक घराण्यांनी मोठ्या परिश्रमाने कुलवृत्तान्त छापले आहेत. कोण कोणत्या गावाहून आला, कोणाची कन्या कोठे दिली, कोण कोणत्या हुद्द्यास चढला, सारे त्यांत असते. कोण कशाने गेला, तेवढे नसते. मूत्रपिंडांत अनेक पाणगाठी होण्याचा एक विकार आनुवंशिक आहे. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात आई किंवा वडिलांस तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. ‘आजोबा पोटाच्या विकाराने गेले’ एवढेच मोघम सांगून ठेवल्यामुळे नातवास आपला धोका कळत नाही. हे सारे मुलामुलींच्या सोयरिकीस बाध येईल या भीतीने होते, हे आम्ही जाणतो. परंतु वेळीच कळलेला विकार औषधाने आवरता येतो, आणि लपविलेला विकार लग्नानंतर दहा वर्षांनी दोन्ही घरांस बुडवितो. सत्य सांगणाऱ्या घराशी सोयरीक मोडणार नाही, असा शब्द आपण वडीलधाऱ्यांनी एकमेकांस दिला, तर ही भीती हळूहळू जाईल. ती घालविण्याचे सामर्थ्य वैद्यांकडे नाही, ते आपल्याकडे आहे.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवितो. एक, प्रत्येक कुटुंबाने घरातील प्रत्येक माणसाच्या नावाची एक फाईल करावी व तपासणीचे कागद सालवार लावून ठेवावेत. पूर्वजांस कोणता आजार होता, हे त्याच फाईलच्या पहिल्या पानावर लिहावे. ती घरचीच राहावी, कोणा तिऱ्हाइताच्या हाती पडू नये. दोन, संक्रांतीच्या हळदीकुंकवास भगिनी एकत्र जमतातच. त्या दिवशी वाणाबरोबर रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिॲटिनिन यांची तपासणी ठेवावी. मात्र ज्यांच्या तपासणीत दोष निघेल त्यांच्या घरी तीन महिन्यांनी कोणी चौकशीस जाईल, याची व्यवस्था आधी करावी. पाठपुराव्यावाचून भरविलेले शिबिर म्हणजे केवळ छायाचित्रांची सोय. तीन, साहाय्यनिधीतून डायलिसिसच्या खर्चास मदत देण्याची पद्धत चालू राहावीच. पण त्यातील एक वाटा ज्यांस दरमहाच्या गोळ्या परवडत नाहीत अशांसाठी राखावा. एका माणसाचे डायलिसिस जितके दिवस लांबेल, तितके दिवस एक घर सुखाने जगेल.

भोजनाची वेळ झाली आहे व पाने मांडली जात आहेत, तेव्हा अधिक बोलत नाही.  आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीर्घ आरोग्य लाभो, आणि आपल्या साहाय्यनिधीकडे या विकारासाठी येणारे अर्ज वर्षानुवर्षे कमी होत जावोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.